जुन्या सीड्या, डीव्हीडी आणि हार्डडिस्कच्या इमेज काढून नीट कशा ठेवायच्या: टर्मिनलला घाबरणाऱ्यांसाठी

आमचं कोल्हापूरच्या शाहूपुरीत डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, बारशाची कार्डं असलं सगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आत आलं तेव्हा आम्ही कॉम्प्युटर माळ्यावर टाकले, कागदाचे गठ्ठे टाकले, आणि खालच्या कपाटातल्या सीड्यांचा डबा तसाच राहिला. पाणी उतरल्यावर बघतोय तर डब्यात गाळ, आणि त्या गाळात बाबांची सतरा-अठरा वर्षांची कामं. त्यानंतर दोन पावसाळे मी नुसता "एकदा बॅकअप घ्यायला पाहिजे" म्हणत बसलो, २०२१ ला परत पाणी आलं आणि मग मात्र बसलो शिकायला. तेव्हा जे जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून हे लिहितोय.

एक आधीच सांगतो, कमांड मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्यात. तुम्ही टाईप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, सगळी लहान लिपी, जिथं मोठं अक्षर लागतं तिथं मी तसं सांगितलंय. डॅश म्हणजे डॅश, स्पेस म्हणजे स्पेस, स्पेस खाल्ली की कमांड चालत नाही.

१. पहिल्यांदा हे समजून घ्या: कॉपी वेगळी, इमेज वेगळी

सीडी उघडली, सगळं सिलेक्ट केलं, पेस्ट केलं, ही झाली कॉपी. इमेज म्हणजे डिस्कवरचा पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंतचा सगळा माल जसाच्या तसा एका फाईलमध्ये. फाईलींची नावं, तारखा, लपवलेले फोल्डर, बूटचा भाग, आणि हार्डडिस्क असेल तर डिलीट केलेल्या फाईलींचे अवशेषसुद्धा.

आमच्या धंद्यात याचा फायदा लगेच कळतो. २००४ ची पत्रिका पेजमेकरमध्ये आहे, फाईल कॉपी करून आणली, उघडली तर "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण तेव्हाचे श्री-लिपी, आकृती असले फाँट युनिकोड नव्हते, फाँट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. तो फाँट कुठाय? जुन्या मशीनच्या सी ड्राईव्हच्या फाँट्स फोल्डरमध्ये, जो कॉपी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पूर्ण डिस्कची इमेज असली की फाँट, जुनं सॉफ्टवेअर, सगळं त्यातच असतंय. फक्त ज्या सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टला डोंगल लागायचं ते डोंगल काय इमेजमध्ये येत नाही, ते जपून ठेवा.

दुसरा फायदा, खराब होत चाललेल्या डिस्कला एकदाच त्रास द्यायचा. पुढची सगळी खटपट इमेजवर, मूळ डिस्क कपाटात निवांत.

२. काय काय लागतं

- लिनक्स चालणारा एक कॉम्प्युटर. उबुंटू किंवा मिंट, काहीही. विंडोजच असेल तर पेनड्राईव्हवरून लाईव्ह लिनक्स चालू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही.
- सीडी-डीव्हीडी ड्राईव्ह, यूएसबीचा असला तरी चालतो. जमलं तर दोन वेगवेगळ्या कंपनीचे, का ते पुढं सांगतो.
- हार्डडिस्क वाचायची असेल तर तिचा यूएसबी ॲडॅप्टर. जुनी रुंद पट्टीवाली आयडीई असेल तर आयडीईचाच लागेल, आणि डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरतच नाही आणि आपण म्हणतो डिस्क मेली.
- इमेज ठेवायला मोठी एक्स्टर्नल डिस्क, आणि दुसऱ्या कॉपीसाठी अजून एक.
- डेस्कटॉपवर करणार असाल तर यूपीएस.
- वही किंवा साधी टेक्स्ट फाईल. हसू नका, हीच सगळ्यात जास्त कामाला आली.

दोन खड्डे इथंच आहेत. पहिला, लाईव्ह लिनक्समध्ये डेस्कटॉपवर सेव्ह केलेलं सगळं रॅममध्ये असतंय, मशीन बंद केलं की गेलं. इमेज कायम एक्स्टर्नल डिस्कवरच काढायची. दुसरा, ती डिस्क किंवा पेनड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, आणि डीव्हीडी असते ४.७ जीबीची. माझी पहिली डीव्हीडी नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबली आणि मी तासभर डीव्हीडी पुसत बसलो होतो! दोष पेनड्राईव्हचा. एक्सफॅट, एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ करून घ्या.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडा आणि सामान भरून घ्या (सुडो म्हणजे ही कमांड ॲडमिनच्या हक्कानं चालव):

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीडीडीरेस्क्यू जेनआयएसओइमेज सीडीआरडीएओ सीडीपॅरानोईया स्मार्टमॉनटूल्स झेडएसटीडी

नीट बघा, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, पण चालवायची कमांड मात्र डीडीरेस्क्यू. त्याच नावाचं जी नसलेलं एक पॅकेज आहे, ते वेगळंच हत्यार आहे आणि त्याची कमांडही वेगळी. मी ते घातलं होतं आणि "कमांड सापडत नाही" बघून खुळा व्हायची वेळ आली होती. पॅकेज मिळतच नसेल तर उबुंटूमध्ये युनिव्हर्स रेपॉझिटरी चालू करावी लागते, सॉफ्टवेअर सेटिंगमध्ये टिक आहे.

३. डिस्कचं नाव ओळखा, ही पायरी गाळायची नाही

एलएसबीएलके

एवढंच टाईप करा, एंटर. लावलेल्या सगळ्या डिस्कची यादी येते. सीडी ड्राईव्ह बहुतेक एसआर० असतो, हार्डडिस्क एसडीए, एसडीबी, एसडीसी अशा. एसडीबी१, एसडीबी२ म्हणजे त्या डिस्कचे भाग, विंडोजवाले ज्याला सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह म्हणतात ते.

साईज बघून ओळखायचं. ४० जीबीची जुनी डिस्क लावली तर यादीत ३७ जीबीच्या आसपास दिसेल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. आणि ही नावं कायमची नसतात, काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी असू शकते, म्हणून प्रत्येक वेळी एलएसबीएलके मारायचं म्हणजे मारायचं.

डिस्क आपोआप माउंट झाली असेल, म्हणजे फाईली बघायला उघडली गेली असेल, तर सोडवून घ्या:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसआर०

यात "अन" मधला एन नाही, नुसतं यू आणि मग माउंट. आणि फाईल मॅनेजरमधून इजेक्ट दाबू नका, ट्रे बाहेर येतो.

आता बरेच जण सांगतील की डीडी नावाची कमांड आहे, तीच वापर. चांगल्या डिस्कवर डीडी मस्त चालतं. पण त्यात आयएफ म्हणजे कुठून आणि ओएफ म्हणजे कुठं, आणि ही दोन उलटी पडली की ते काही विचारत नाही, निमूट लिहून मोकळं होतं. मी दुकानाच्या पेनड्राईव्हची इमेज घेताना उलटं टाकलं, महिन्यापूर्वीची जुनी इमेज पेनड्राईव्हवर चढली आणि मधल्या महिन्याची सगळी कामं गेली, ऐन लग्नसराईत. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. डीडीरेस्क्यू निदान एवढं तरी करतं की डिस्कवर लिहायची वेळ आली तर फोर्स दिल्याशिवाय ते हलत नाही. म्हणून मी तरी नवीन माणसाला डीडीच्या नादाला लागू नको म्हणतो.

४. पहिली सीडी: सोप्यातली सोपी

सीडी आधी धुवून घ्या. गाळाच्या सीडीला साधं स्वच्छ पाणी, मग मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल पुसलं की जो ओरखडा पडेल तो डेटाच्याच रांगेत पडतो. आणि सीडी उलटी करून वरच्या, नाव छापलेल्या बाजूला जास्त जपा, सीडीत डेटाचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा एकवेळ निभावतो, वरचा पापुद्रा निघाला की विषय संपला. डीव्हीडीत थर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये असतो त्यामुळं ती जरा दमदार.

एक्स्टर्नल डिस्कवर एक फोल्डर करा, टर्मिनलमध्ये सीडी कमांडनं (डिस्कवाली सीडी नव्हे; सी, डी, स्पेस आणि पुढं फोल्डरचा पत्ता) त्यात शिरा, आणि:

सुडो डीडीरेस्क्यू -एन -बी २०४८ /डेव्ह/एसआर० सीडी-०१४.आयएसओ सीडी-०१४.मॅप

तुकड्या-तुकड्यानं बघू. -बी २०४८ म्हणजे डेटा सीडीचा एक सेक्टर २०४८ बाईटचा. -एन म्हणजे पहिल्या फेरीत चिवट जागांशी कुस्ती खेळत बसू नको, सोपं सोपं आधी उचल. मग कुठून, मग कुठं. आणि शेवटची .मॅप फाईल.

ही मॅप फाईल म्हणजे सगळ्याचा जीव आहे. कुठला भाग वाचला, कुठला राहिला, कुठला खराब निघाला हे सगळं त्यात टिपून ठेवलेलं असतंय. साधी टेक्स्ट फाईल आहे, उघडून बघा: अधिकचं चिन्ह म्हणजे वाचलं, वजाचं म्हणजे खराब सेक्टर, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावला नाही. मी एकदा डीव्हीडी लावली आणि लॅपटॉपचं झाकण मिटून मिसळ खायला गेलो, लॅपटॉप झोपला, काम मध्येच तुटलं. परत येऊन तीच कमांड, अक्षर न बदलता, परत मारली आणि गाडी होती तिथून पुढं चालू. मॅप दिली नसती तर पहिल्यापासून. लाईट गेली तरी तेच, आणि लाईटीचं आपल्याकडं पावसाळ्यात काय सांगायचं.

५. वाचत नाही म्हणणारी सीडी

इथं जरा थांबून सांगतो, कारण लोक इथंच हात टेकतात आणि सीडी कचऱ्यात टाकतात.

पहिल्या फेरीनंतर स्क्रीनवर किती टक्के वाचलं ते दिसतं. ९९ पॉइंट काहीतरी असेल तर दुसरी फेरी:

सुडो डीडीरेस्क्यू -डी -आर३ -बी २०४८ /डेव्ह/एसआर० सीडी-०१४.आयएसओ सीडी-०१४.मॅप

-डी म्हणजे मधली कॅश टाळून थेट डिस्क वाच, -आर३ म्हणजे खराब जागांवर अजून तीन फेऱ्या. इमेज आणि मॅपचं नाव तेच द्यायचं, म्हणजे ते फक्त उरलेल्या जागांवरच जातं.

तरी काही उरलं तर आता तो दुसरा ड्राईव्ह काढा. प्रत्येक ड्राईव्हचं भिंग, मोटर, चुका भरून काढायची ताकद वेगळी. एका ड्राईव्हला जे सेक्टर दिसत नाहीत ते दुसऱ्याला दिसतात, असं माझ्याकडं कितीतरी वेळा झालंय. सीडी दुसऱ्यात घाला, नाव एसआर१ झालं असेल तर तेवढं बदला, मॅप तीच. भोकं बुजत जातात.

आणि हे तर नाद खुळा आहे: एकाच सीडीच्या दोन कॉप्या असतील, म्हणजे एकाच बर्निंगच्या, तर दुसरी कॉपीसुद्धा त्याच मॅपवर लावता येते. पहिलीचा जो भाग गेला तो दुसरीतून भरून निघतो, दोन्ही खराब असल्या तरी खराबी एकाच जागी असेल असं क्वचितच. आमच्याकडं शाळेच्या एका स्मरणिकेच्या दोन सीड्या होत्या, एक गिऱ्हाईकाकडची, एक आमची, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मेलेल्या, आणि त्यातून एक पूर्ण इमेज निघाली. पण दोन्ही खरंच सारख्या आहेत का ते आधी तपासा:

आयएसओइन्फो -डी -आय /डेव्ह/एसआर०

यात व्हॉल्यूम साईज येते, ब्लॉकमध्ये. दोन्हीची साईज आणि लेबल जुळलं तरच लावा. जुळलं म्हणजे शंभर टक्के सारखीच असंही नाही, पण जुळलं नाही तर नक्की वेगळी. म्हणून लावायच्या आधी इमेज आणि मॅप दोन्हीची एक कॉपी बाजूला ठेवा.

हीच कमांड अजून एका गोष्टीला उपयोगी. समजा साईज ३,३१,२५० ब्लॉक आली, गुणिले २०४८ म्हणजे ६७,८४,००,००० बाईट. तुमची इमेज निदान तेवढी पाहिजे. आणि बऱ्याच जुन्या सीड्यांना अगदी शेवटचे दोन सेक्टर कधीच वाचता येत नाहीत, ४०९६ बाईट खराब दाखवतं. ते बर्निंगच्या त्या पद्धतीतले रिकामे सेक्टर असतात, डेटा नसतो. मी त्या दोन सेक्टरपायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

खराबी मधेच असेल तर कुठल्या फाईलला लागलं हे कळायला पाहिजे. त्याला एक युक्ती आहे: इमेज आणि मॅपची कॉपी घ्या, एका छोट्या टेक्स्ट फाईलमध्ये एखादा ओळखीचा शब्द लिहा, समजा खराबजागा, आणि डीडीरेस्क्यूला --फिल-मोड=- असं सांगून कुठूनच्या जागी ती टेक्स्ट फाईल द्या. वजाचं चिन्ह असलेल्या सगळ्या जागी तो शब्द भरला जातो. मग ती कॉपी माउंट करून (कसं ते आठव्या भागात) ग्रेप या मजकूर शोधायच्या कमांडनं तो शब्द शोधा, ज्या फाईलींत सापडेल त्या जखमी. शब्द मात्र इंग्रजी अक्षरात घ्या. पंधराशे फोटोंतले चारच गेले हे कळलं की गिऱ्हाईकाला तोंड दाखवता येतं.

६. व्हीसीडी आणि गाण्यांची सीडी: इथं आयएसओ निघत नाही

२००० च्या आसपासच्या लग्नांची शूटिंग व्हीसीडीवर मिळायची, घराघरात असेल. ती लावून डीडीरेस्क्यू चालवलं की सुरुवातीचा थोडा भाग जातो आणि नंतर एररचा पाऊस. सीडी खराब नसते. व्हीसीडीत व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या घडणीचे असतात, २०४८ बाईटवाले नाहीत, त्यामुळं साधी आयएसओ होतच नाही. तिला कच्चं वाचायचं:

सीडीआरडीएओ रीड-सीडी --रीड-रॉ --डिव्हाईस /डेव्ह/एसआर० --डेटाफाईल लग्न-००३.बिन लग्न-००३.टीओसी

बिन आणि टीओसी अशा दोन फाईली होतात, जोडी फोडू नका. गाण्यांच्या सीडीला तर फाईल सिस्टीमच नसते, तिथं सीडीपॅरानोईया -बी, ही बी मोठी. एकेका गाण्याची एक फाईल निघते.

७. हार्डडिस्क

आधी आवाज ऐका. टक टक टक करत असेल, फिरून परत थांबत असेल, तर काढून ठेवा. घरी प्रयोग केलेत की प्रत्येक सुरुवातीला अजून खरवडणार. पाण्यात बुडालेली असेल तर वाळवून लावून बघू हा मोह टाळा, आत गाळ असतो आणि प्लेट मिनिटाला हजारो फेऱ्या मारते. त्यातलं खरंच मौल्यवान असेल तर रिकव्हरीवाल्याकडं, नसेल तर सोडून द्या.

आवाज नॉर्मल असेल तर तब्येत विचारा:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी

मोठा तक्ता येतो, त्यातल्या दोनच ओळी बघा, ५ नंबर आणि १९७ नंबर. ५ म्हणजे किती सेक्टर खराब होऊन बदलले गेले, १९७ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून लटकलेत. शेवटचा आकडा शून्य असेल तर झकास. १९७ वाढत असेल तर आत्ता, आजच इमेज काढा. काही यूएसबी ॲडॅप्टर ही माहिती पुढं पाठवतच नाहीत, तिथं नुसत्या कानावर भरवसा.

सुडो डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी दुकान-जुनं-पीसी.आयएमजी दुकान-जुनं-पीसी.मॅप

एसडीबी, एसडीबी१ नाही. आकडा लावला तर एकच ड्राईव्ह येतो. -बी काढून टाकलंय, हार्डडिस्कचा सेक्टर बहुतेक ५१२ चा आणि डीडीरेस्क्यू तेच धरून चालतं. पहिल्या फेरीनंतर काही उरलं तर सीडीसारखंच -डी -आर३.

वेळेचा अंदाज: यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबी धरा, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तास, ते पण डिस्क ठणठणीत असेल तर. रात्री लावून झोपा, पण आधी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये झोपणं बंद करा आणि डिस्कवर पंखा सोडा.

आणि ५०० जीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीचीच होते, आत वीस जीबी माल असला तरी. जागा आधी मोजा.

८. इमेज उघडून बघा, नाहीतर काढून उपयोग काय

सीडीची:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/बघू

सुडो माउंट -ओ लूप,आरओ सीडी-०१४.आयएसओ /एमएनटी/बघू

आरओ म्हणजे फक्त वाचायला. हे कधी विसरायचं नाही, नाहीतर हार्डडिस्कच्या इमेजमध्ये उघडतानाच काहीबाही लिहिलं जातं.

अख्ख्या हार्डडिस्कला एक पायरी जास्त, कारण तिच्यात भाग असतात:

सुडो लोसेटअप -एफ -पी --रीड-ओन्ली --शो दुकान-जुनं-पीसी.आयएमजी

यात पी मोठी, एफ लहान. आणि लोसेटअपमध्ये ओ एकच आहे, लूप म्हणून दोन टाकले की चालत नाही. उत्तरात /डेव्ह/लूप७ असलं काहीतरी नाव येईल. एलएसबीएलके मारलं की खाली लूप७पी१, लूप७पी५ दिसतील. पी२, पी३ कुठं गेले म्हणून शोधू नका, जुन्या विंडोज मशीनचा डी ड्राईव्ह बऱ्याचदा पाच नंबरवरच असतो, लॉजिकल भागांचे नंबर पाचापासून सुरू होतात. मग:

सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/लूप७पी१ /एमएनटी/बघू

आमच्या जुन्या पीसीची इमेज अशी पहिल्यांदा उघडली, विंडोज फोल्डरात गेलो, फाँट्समध्ये गेलो, आणि बाबांनी वीस वर्षांपूर्वी घातलेले सगळे मराठी फाँट रांगेनं उभे. टीटीएफ फाईली उचलल्या, नव्या मशीनवर टाकल्या, चिवड्याची परत पत्रिका झाली. बाबांनी चष्मा लावून पहिली गोष्ट काय केली, तर त्यातली शुद्धलेखनाची चूक काढली.

काम झालं की सुडो यूमाउंट /एमएनटी/बघू, आणि मग सुडो लोसेटअप -डी /डेव्ह/लूप७, इथं डी लहान.

माउंटच होत नसेल, फाईल सिस्टीम फाटली असेल, तर टेस्टडिस्कच्या पॅकेजमध्ये फोटोरेक येतं, ते इमेजवर चालवा, मूळ डिस्कवर नाही. नावाप्रमाणं फोटो तर काढतंच, बाकीच्या फाईली पण काढतं, पण मूळ नावं बहुतेक जातात.

९. ठसा घ्या

एसएचए२५६सम सीडी-०१४.आयएसओ > सीडी-०१४.एसएचए२५६

फाईलीचा अंगठ्याचा ठसा समजा, ६४ अक्षरांचा. इमेजमध्ये एक बिट जरी बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. नंतर कधीही, कॉपी केल्यावर, वर्षानं:

एसएचए२५६सम -सी सीडी-०१४.एसएचए२५६

ओके आलं की निर्धास्त. ठसा घ्यायची वेळ महत्त्वाची: सगळ्या फेऱ्या संपल्यावर. मी पहिल्या फेरीनंतरच घेतला, मग दुसऱ्या फेरीनं भोकं बुजवली आणि ठसा जुळेना, उगाच घाबरलो.

१०. दाबून लहान करणं

झेडएसटीडी -टी० दुकान-जुनं-पीसी.आयएमजी

टी मोठी, म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर लाव. झेडएसटीडी मूळ फाईल तशीच ठेवतं. जीझिप आणि एक्सझेड मात्र काम झालं की मूळ फाईल उडवतात, त्यांना -के द्यावं लागतं. फोटो आणि व्हिडिओच्या डीव्हीडीवर हे करत बसू नका, जेपेग आणि एमपेग आधीच दाबलेले असतात, काही फरक पडत नाही. हार्डडिस्कवर फरक पडतो, पण किती ते रिकाम्या जागेवर अवलंबून: कधीच न वापरलेली जागा शून्यांची असेल तर मस्त दबते, डिलीट केलेल्या फाईलींचा कचरा असेल तर नाही. आणि दाबलेली इमेज थेट माउंट होत नाही, आधी झेडएसटीडी -डी नं सोडवावी लागते. म्हणून रोज लागणारी तशीच ठेवा.

११. नावं, यादी, दुसरी जागा

नाव ठेवायची माझी पद्धत: प्रकार, तीन आकडी नंबर, वर्ष. सीडी-०१४-२००६. तोच नंबर मार्करनं सीडीच्या पाकिटावर, सीडीवर नाही. "नवीन", "फायनल", "फायनल२" असली नावं इमेजला ठेवलीत तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

प्रत्येक इमेज उघडली की आतल्या फाईलींची यादी काढून ठेवा:

फाईंड /एमएनटी/बघू -टाईप एफ > सीडी-०१४.यादी.टीएक्सटी

मग गिऱ्हाईक आलं, "२००६ ला पोराची पत्रिका तुमच्याकडंच केली होती, तीच बॉर्डर पाहिजे", की एकही इमेज न उघडता:

ग्रेप -आय पाटील *.यादी.टीएक्सटी

आमच्याकडं पाटील टाकल्यावर चारशेच्या वर ओळी आल्या तो भाग वेगळा. शिवाय तेव्हा कोण पीएटीआयएल लिहायचं, कोण दोन ई लावून, म्हणून आडनावापेक्षा गावाचं नाव टाकून बघा.

सुडोनं काढलेल्या फाईलींची मालकी ईएक्सटी४ वर रूटकडं जाते, नंतर आपल्यालाच हलवता येत नाहीत. सुडो सीएचओडब्ल्यूएन आणि आपलं यूजरनेम आणि फाईल, एकदा मारून टाका.

दुसरी कॉपी दुसऱ्या जागी, आणि जागा म्हणजे त्याच दुकानातलं दुसरं कपाट नव्हे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाला गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि त्यानंतर डिस्क हलवायला सुचत नाही, माणसं हलवायची असतात. आमची दुसरी डिस्क बहिणीकडं पन्हाळ्याला असते, तिथवर पंचगंगा चढली तर पत्रिका कुणाच्या छापायच्या हाच प्रश्न. मे महिन्यात मी ती खाली आणतो, सगळ्या फाईलींवर एसएचए२५६सम -सी चालवतो, वर्षभरातल्या नव्या इमेज टाकतो, आणि मृग लागायच्या आत परत वर पोचवतो.